सपाटीवरचे दहा सेकंद

कार्ल्सरूहेतल्या त्या घरात आम्ही तिघं राहत होतो: प्रथमेश, ऋजुता आणि मी. तिघंही तिथल्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत मास्टर्स करत होतो. तिघांच्या तीन खोल्या होत्या आणि स्वयंपाकघर एकच. त्या स्वयंपाकघराचं छत बुटकं होतं आणि त्यावर बसवलेला स्मोक अलार्म फोडणीचा हाडवैरी होता. मोहरी तडतडली की तो किंचाळायला लागायचा आणि मग खालच्या मजल्यावरच्या जर्मन आजी काठीने त्यांच्या छताला, म्हणजे आमच्या जमिनीला, खालून ठोकायच्या. त्यामुळे फोडणीआधी स्टुलावर चढून अलार्मला शॉवरकॅप घालायची आणि जेवण उरकल्यावर आठवणीने काढायची, असा आमच्याकडे रिवाज पडला होता. हे काम प्रथमेशचं, कारण तो सर्वांत उंच आणि सर्वांत भुकेला. फ्रिजवर पुट्झप्लान, म्हणजे साफसफाईच्या पाळ्यांचा तक्ता, चिकटवलेला असायचा. माझ्या पाळीच्या आठवड्यात बाथरूम घासलं गेलं नाही की ऋजुता जे काही बोलायची, ते ऐकून मला फार दिवसांनी घरी असल्यासारखं वाटायचं.

जिना लाकडी होता, लिफ्ट नव्हती आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर. कोण येतंय हे दार उघडायच्या आधीच कळायचं. प्रथमेश दोन दोन पायऱ्या एकदम चढायचा. ऋजुताची पावलं सकाळी चारचौघांसारखी वाजत. संध्याकाळी मात्र एक पाऊल जड आणि एक हलकं पडायचं. शाळेत असताना एका टेम्पोने तिला उडवलं होतं. पायात सळई घातली, पुढे ती काढली, पण डावा पाय उजव्यापेक्षा जरासा आखूड राहिला. एरवी ते कुणाच्या लक्षात यायचं नाही, पण दमली की ती पाय ओढायची. जिन्यावरच्या आवाजावरून मला अंदाज यायचा, आज लॅबमध्ये फार वेळ उभी होती, आज हिच्यासाठी चहा टाकून ठेवलेला बरा. आता माझे स्वतःचे गुडघे बोलायला लागले आहेत, तेव्हा कळतं की तिने त्या तीन मजल्यांबद्दल एकदाही तक्रार केली नव्हती.

एकदा थालीपीठ थापता थापता तिने मला एक हकिगत सांगितली होती. जर्मनीला यायच्या आधी तिला बघण्याचा एक कार्यक्रम झाला होता, मुलाच्या घरी, पुण्याला. पोहे झाले, चहा झाला आणि मुलाची आई म्हणाली, चल, तुला आमची गच्चीवरची बाग दाखवते. तीन मजले चढून जायचं होतं. "मी पुढे आणि त्या मागे," ऋजुता सांगत होती, "तेव्हाच मला कळलं की बाग मला दाखवायची नाहीये, माझी चाल बघायचीये." चार दिवसांनी निरोप आला, पत्रिका जुळत नाही. हे सांगताना ती हसत होती. थालीपिठाला मधे भोक पाडायला मात्र ती विसरली आणि ते कच्चं राहिलं. आम्ही तसंच खाल्लं. नंतर ती म्हणाली होती, की घरून कुणी असलं काही विचारायला लागलं तर मी कामात आहे म्हणून सांग. मी हो म्हटलं होतं.

तिची आई म्हणजे आमच्या काकू. ठाण्याहून कुणीही कार्ल्सरूहेच्या पन्नास मैलांच्या परिसरात येणार असेल, तर त्याच्या बॅगेत काकूंचं पार्सल असायचंच: भाजणी, मेतकूट, लसणाची चटणी आणि माझ्यासाठी "निखिल" असं लिहिलेला बेसनाच्या लाडवांचा वेगळा डबा. माझी आई मी बारावीत असताना गेली. बाबा फोनवर हवापाण्याच्या पलीकडे बोलत नसत. काकू दर रविवारी मला फोन करायच्या, ऋजुताशी बोलणं झाल्यावर, तिच्या नकळत नव्हे, पण वेगळा. सर्दी झाली का, अंगावर काही घेतोस का, असले प्रश्न विचारायच्या आणि मी शहाण्यासारखी उत्तरं द्यायचो. त्यांच्या त्या फोनची मी वाट बघायचो, हे मी तेव्हा कुणालाही सांगितलं नसतं.

अशाच एका फोनवर त्यांनी सौरभचं नाव काढलं. स्टुटगार्टजवळ ब्योब्लिंगेनला सॉफ्टवेअर कंपनीत होता, मूळचा डोंबिवलीचा, घर चांगलं, मुलगा निर्व्यसनी. ऋजुताला सांगितलं तर ती भेटायलाही येणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तेव्हा तुम्ही मित्र मित्र एखाद्या शनिवारी कुठे फिरायला जा आणि त्यात तो येईल, असं त्यांनी सुचवलं. आवडला तर आवडला, नाहीतर तुमची सहल झाली, यात फसवणूक कसली, असंही वर म्हणाल्या. मी म्हटलं, बघतो. काकूंनी ते हो म्हणून घेतलं. खरं सांगायचं तर मीही ते हो म्हणूनच बोललो होतो. गणेशोत्सवात स्टुटगार्टला ओळख झालेला एक मित्र येतोय, अशी थाप मी घरात मारली आणि आमचं हायडेलबर्गला जायचं ठरलं.

आदल्या दिवशी काकूंचा पुन्हा फोन आला. या वेळी आवाज हळू होता. सौरभच्या आईच्या कानावर कुणीतरी पायाचं घातलं होतं. "तू एक काम कर, बाळा. ती सपाटीवर चालतानाचा दहा सेकंदांचा व्हिडिओ काढून मला पाठव. सकाळीच काढ हं, दमायच्या आधी. आणि तिला चढावर नेऊ नकोस." गच्चीवरच्या बागेची गोष्ट मला माहीत होती, हे काकूंना माहीत नव्हतं. मला तेव्हा नाही म्हणायचं होतं. शब्द तोंडापर्यंत आले होते. पण त्यांनी मला बाळा म्हटलं होतं, आणि मी पुन्हा म्हटलं, बघतो.

शनिवारी सकाळी सौरभ त्याच्या गाडीने आमच्याकडे आला. हायडेलबर्गमध्ये पार्किंगचा त्रास नको म्हणून गाडी आमच्या गल्लीत लावून आम्ही चौघं ट्रेनने निघालो. चौघांना मिळून दिवसभराचं एकच तिकीट काढलं होतं आणि त्यावर सगळ्यांची नावं माझ्या हाताने लिहिली होती. असल्या तिकिटावर एकत्रच जायचं आणि एकत्रच परत यायचं, एकट्याने कुठे उतरून पळता येत नाही. ट्रेन सुटेपर्यंत माझ्या ते लक्षात आलं नव्हतं. सौरभ इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. त्याने ऋजुताला "तुम्ही" म्हणायला सुरुवात केली आणि प्रथमेशला हसू आवरेना. तो म्हणाला, अरे आपण काय ऑफिसला चाललोय का. सौरभ नुसता लाजला. तो लाजताना मला कळलं, की याची समजूत अशी आहे की मुलीला सगळं सांगितलेलं आहे. काकूंनी तिकडे तसंच कळवलं होतं. म्हणजे एकाला वाटत होतं की हा बघण्याचा कार्यक्रम आहे, दुसरीला वाटत होतं की ही सहल आहे, आणि दोन्ही माहीत असलेला मी मधल्या सीटवर बसलो होतो.

हायडेलबर्ग सुंदर आहे असं सगळे म्हणतात. मी नंतरही पाहुण्यांना घेऊन तिथे अनेकदा गेलो, आणि ते खरंच सुंदर आहे. त्या दिवशी मात्र मी त्याचा एकही दगड धड पाहिला नाही. हाऊप्टश्ट्रासे नावाचा त्यांचा लांबच लांब बाजाररस्ता आहे, तिथून आम्ही चाललो होतो. सौरभ ऋजुताशेजारी गेला की मी मधे घुसायचो आणि चर्चकडे बोट दाखवून काहीतरी बोलायचो. खिशात फोन थरथरायचा. काकूंचा मेसेज असायचा: त्यांना जरा बोलू दे. पाच मिनिटांनी पुन्हा: व्हिडिओ काढलास का? प्रथमेशला प्रत्येक बेकरीपाशी थांबायचं होतं. त्याला काही विचारलं की तो तोंडात ब्रेत्झेल धरून "गेनाऊ" म्हणायचा, म्हणजे अगदी बरोबर. आयुष्यात पहिल्यांदा मला त्याचा हेवा वाटला.

नेकार नदीवरच्या जुन्या पुलावर आम्ही पोचलो तेव्हा ऊन छान पडलं होतं. पूल मधोमध किंचित उंच आहे, पण तसा सपाटच. ऋजुता पुढे गेली. तिने निळा कुर्ता घातला होता, हातात चेरीची कागदी पिशवी होती आणि बिया नदीत टाकाव्यात की नाही यावर तिचा प्रथमेशशी वाद चालला होता. मी मागे राहिलो. फोन काढला. पुलाचा फोटो काढत असल्यासारखा धरला आणि तिच्या पाठमोऱ्या चालीचे दहा सेकंद घेतले. पाय अगदी सरळ पडत होते. मी ते लगेच पाठवून दिले, कारण थांबलो असतो तर पाठवले नसते. काकूंचं उत्तर आलं, देव तुझं भलं करो. मी फोन खिशात टाकला आणि त्यांना गाठायला भरभर चालू लागलो.

पुढे डोंगरावरचा किल्ला होता. चालत जाऊ या, असं ऋजुताचं म्हणणं होतं. मी बेर्गबानचा, म्हणजे डोंगरावर रुळांवरून जाणाऱ्या छोट्या गाडीचा, इतका आग्रह धरला की ती म्हणाली, तुला झालंय तरी काय. किल्ल्यात गर्दी होती. तिथल्या तळघरात वाइनचं एक अवाढव्य लाकडी पिंप आहे, दोन मजली घराएवढं. त्याच्या बाजूने अरुंद जिन्याने वर चढायचं, पिंपाच्या डोक्यावरून चालायचं आणि पलीकडून उतरायचं. प्रथमेश बाहेर थांबला. ऋजुता आणि सौरभ पुढे चढले. माझ्या आणि त्यांच्या मधे एक जपानी कुटुंब शिरलं आणि मागून शाळकरी मुलांची झुंड आली. मला पुढे जाता येईना आणि मागे फिरता येईना. वरून सौरभचा आवाज ऐकू येत होता. तळघरात आवाज घुमतो, शिवाय मराठी दुसऱ्या कुणाला कळत नाही म्हणून तो मोकळेपणाने बोलत होता.

तो म्हणाला, "तुमचा सकाळचा चालतानाचा व्हिडिओ आईला मिळाला, तिने मलाही पाठवला. ती म्हणाली, लोक उगाच काहीही बोलतात, मुलगी तर व्यवस्थित चालते."

मग ऋजुताचा आवाज आला, "कुठला व्हिडिओ? दाखवा बरं." मी खाली जिन्यात, कठडा धरून उभा. जपानी आजोबा मला सौजन्याने विचारत होते की मला पुढे जायचंय का. मी मान हलवून नाही म्हटलं.

मी वर पोचलो तेव्हा ती त्याच्या फोनमध्ये बघत होती. तिने तो त्याला परत दिला, छान आलाय म्हणाली आणि माझ्याकडे वळली. ती ओरडली असती तर मला सोसलं असतं. ती एवढंच म्हणाली, "म्हणून तू मला गाडीने वर आणलंस." सौरभ आमच्याकडे आळीपाळीने बघत होता. त्याला काय झालं ते कळायला वेळ लागला, पण कळलं तेव्हा त्याचा चेहरा पडला. तो म्हणाला, "सॉरी, मला सांगितलं होतं की तुम्हाला कल्पना आहे." ऋजुता म्हणाली की तुमची काही चूक नाही. हे तिने त्याच्याकडे बघत, पण मला ऐकू जाईल असं म्हटलं.

खाली उतरायचं बेर्गबानचं तिकीट आमच्या हातात होतंच. ऋजुता म्हणाली, मी पायऱ्यांनी जाणार. किल्ल्यापासून गावापर्यंत तीनशेच्या वर दगडी पायऱ्या आहेत, उभ्या आणि झिजलेल्या. मी म्हटलं, ऋजुता, नको. ती तशीच चालायला लागली. प्रथमेशला काहीच माहीत नव्हतं, पण चार लोकांत काहीतरी बिनसलंय हे समजण्याइतका तो शहाणा होता; तो गुपचूप मागून आला. पहिल्या शंभर पायऱ्या तिने झपाझप उतरल्या. मग डावा पाय अडखळायला लागला. ती कडेच्या भिंतीवर हात ठेवत होती, उजवा पाय टाकत होती आणि डावा त्याच्यामागे ओढत होती. माझ्या ओळखीचा तो जड-हलका आवाज दगडावर वेगळाच येत होता. निम्म्याच्या पुढे गेल्यावर ती थांबली आणि वळून म्हणाली, "निखिल, फोन काढ. आता घे दहा सेकंद. मी चालून दाखवते."

मी खिशात हात घातला. फोन हाताला लागला. तो बाहेर काढायचा की नाही, यातलं काहीही केलं तरी ते वाईटच दिसणार होतं. मी तसाच उभा राहिलो. "सकाळी बरा चालला तुझा हात," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि ते आम्हाला दिसतायत याचा तिला राग येत होता. तेवढ्यात सौरभ दोन पायऱ्या खाली उतरला आणि म्हणाला, "व्हिडिओ नको. मी पाहिलंय. आईला मी सांगतो." मग जरा चाचरत म्हणाला, "बसू या का इथेच? मला धाप लागलीय." ऋजुता म्हणाली, उतरताना कुणाला धाप लागत नाही. तो म्हणाला, मला लागते, मी दिवसभर खुर्चीत बसतो. ती हसली नाही, पण बसली. तो तिच्यापासून एक हात सोडून बसला. जाणारे येणारे त्यांना ओलांडून जात होते. मी आणि प्रथमेश चार पायऱ्या वर उभे होतो आणि तिथे माझं काही कामच नव्हतं.

पुढे तिचं लग्न सौरभशीच झालं, हे आत्ताच सांगून टाकतो. गोष्ट ताणण्यात अर्थ नाही. त्यांचं चांगलं चाललंय असं मी प्रथमेशकडून ऐकतो. मी घडवून आणलेली भेट फळाला आली, असं म्हणून मला छाती फुगवता आली असती. एवढ्या वर्षांत एकदाही तसं म्हणावंसं वाटलं नाही.

परतीच्या गाडीत आम्ही समोरासमोर बसलो, दुसरा इलाजच नव्हता. तिकीट तपासायला बाई आल्या. त्यांनी चौघांची नावं वाचली आणि विचारलं, तुम्ही सगळे एकत्र आहात ना. मी तोंड उघडायच्या आत ऋजुता जर्मनमध्ये "या", म्हणजे हो, म्हणाली, आणि पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागली. कार्ल्सरूहेला सौरभ त्याच्या गाडीने निघून गेला. आम्ही तीन मजले चढलो. मी तिच्या मागे होतो, आणि मागे आहोत हे लक्षात आल्यावर मी मुद्दाम थांबलो, ती दाराशी पोचेपर्यंत. बाहेर अजून चांगला उजेड होता. प्रथमेश आंघोळीला गेला. ऋजुता स्वयंपाकघरात बादलीतल्या गरम पाण्यात पाय सोडून बसली.

ती म्हणाली, "आईने सांगितलं तेव्हा तुला नाही म्हणावंसं वाटलं होतं का?"

"वाटलं होतं."

"मग?"

"काकूंना नाही कसं म्हणणार?"

तिने पाण्यात पाय हलवला. "ते कळतं मला," ती म्हणाली. "मलाही कधी जमलेलं नाही. म्हणून तर इतक्या लांब आले. पण माझी ती आई आहे, निखिल. तुला सोपं होतं." मग ती उठली, टॉवेलने पाय पुसले, बादली मोरीत ओतली, जागेवर ठेवली आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. तुझी आई असल्यामुळेच मला सोपं नव्हतं, हे मला सांगायचं होतं. पण ते खरं असलं तरी, त्याची किंमत तिच्या पायाने मोजल्यावर, तिला सांगण्यासारखं नव्हतं.

रात्री मी ठरवलं, की काकूंना फोन करायचा आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना स्पष्ट सांगायचं. वाक्यं जुळवली, मनात दहादा म्हणून पाहिली. काकू, तिला न सांगता मी हे करायला नको होतं. काकू, तुम्ही तिच्या मागे लागू नका. काकू, पुन्हा मला असलं काही सांगाल तर मी करणार नाही. सकाळी दहा वाजता खाली अंगणात सायकलींपाशी उभं राहून फोन लावला. मी पहिलं वाक्य पूर्ण म्हटलं. काकूंनी मला मधेच थांबवलं. त्यांचा आवाज आनंदी होता आणि थोडा गोंधळलेला.

"अरे, सकाळीच तिचा फोन येऊन गेला. मुलगा बरा वाटला म्हणाली. पण यापुढे ती स्वतः त्याच्याशी बोलणार, मी नाही, त्याची आई नाही, कुणीच मधे पडायचं नाही. मला चांगलं दटावून सांगितलंन. आणि म्हणाली, निखिलला आता माझ्याबद्दल काही सांगू नकोस आणि काही विचारूही नकोस." मग त्यांनी विचारलं, "काय झालं रे? भांडलात का?"

"नाही, काकू," मी म्हटलं. भांडलो असतो तर मिटवता तरी आलं असतं.